तीनशे प्रतींचा हिशेब

विद्यापीठात छपाई म्हटलं की आधी उत्तरपत्रिका. मग प्रवेशपत्रं, गुणपत्रकं, दीक्षान्त समारंभाची प्रमाणपत्रं. या सगळ्यांना तारीख असते आणि ती हुकली की कुलगुरूंच्या दालनाबाहेर घोषणा सुरू होतात. पुस्तकाची तारीख हुकली म्हणून कुणी उपोषणाला बसत नाही. त्यामुळे मशीन विद्यापीठाचं असो की बाहेरच्या मुद्रकाचं, पुस्तकाला जागा मिळते ती दोन कामांच्या मधल्या फटीत. बाहेर तर वैशाखात लग्नपत्रिका, दिवाळीच्या आसपास दिनदर्शिका, आणि निवडणुका लागल्या की विचारूच नका. शेवटच्या पंगतीला बसवलेल्या पाहुण्यासारखं पुस्तक वाट बघत राहतं, वाढपी येईल तेव्हा येईल.

विद्यापीठाच्या प्रकाशनाने स्वतःच्या पायावर उभं राहावं, असं वित्त समितीच्या बैठकीत कुणीतरी म्हणतंच. बोलायला काय जातं? केंब्रिज विद्यापीठाला इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५३४ साली छपाईची सनद दिली, पण त्यांचाही डोलारा पुढे बराच काळ बायबल आणि प्रार्थनापुस्तकांच्या खपावर उभा होता. अभ्यासाचं पुस्तक आपला खर्च आपण भागवत नाही, तो दुसरं कुणीतरी उचलतं. खान्देशात याचा पुरावा दगडावर कोरलेला आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी असलेल्या चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून मठ काढला. शके ११२८च्या शिलालेखात निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला काय दिलं ते लिहिलंय. वरचा मजकूर संस्कृत, पण देण्याघेण्याचा भाग मराठीत, बहुधा पेठेतल्या माणसाला कळावा म्हणून. गिऱ्हाइकाकडून राजाला जायचा तो वाटा मठाला, आणि तेलाच्या घाण्यामागे पळी-पळी तेल. आजच्या अंदाजपत्रकातलं ‘ग्रंथनिर्मिती’ हे शीर्ष यापेक्षा वेगळं नाही, फक्त तेलाइतकं नियमाने येत नाही.

विसाव्या शतकात हे काम धुळ्याने केलं. शंकर श्रीकृष्ण देवांच्या सत्कार्योत्तेजक सभेने रामदासी बाडं जमवली आणि छापली. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ला धुळ्यातच गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. तेव्हा या भागात विद्यापीठ नव्हतं, महाविद्यालयं आधी मुंबईला, पुढे पुण्याला जोडलेली होती. जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९०ला झालं. २०१८पासून त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. बहिणाबाई स्वतः लिहीत-वाचत नव्हत्या. मुलाने आणि भाच्या-पुतण्यांच्या पिढीने गाणी उतरवून ठेवली म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, ती छापून आली. बोललेलं-गायलेलं कागदावर आणणं हे जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या प्रकाशनाचं पहिलं काम, असं मी धरून चालतो.

म्हणजे क्रमिक पुस्तकं नकोत. अभ्यासक्रम बदलला की पंधरवड्यात गाईड बाजारात येतं, त्या शर्यतीत विद्यापीठाने उतरूच नये. इथलंच म्हणता येईल असं बरंच पडून आहे. अहिराणीचं व्याकरण, लेवा गणबोली, सातपुड्यातल्या पावरी, भिल्ली, मावची बोलींचे शब्दसंग्रह. कानबाईची आणि आखाजीची गाणी. १९३६च्या फैजपूर काँग्रेसची स्थानिक कागदपत्रं. अमळनेर-धुळ्याच्या गिरण्या. तापी-गिरणेच्या काठची केळी आणि त्यांचं पाणी. २०११च्या जनगणनेत खान्देशी (अहिराणी तिच्यातच धरतात) ही मातृभाषा सांगणारे १८ लाखांहून अधिक आहेत, तरी अहिराणीच्या व्याकरणाची पहिली आवृत्ती तीनशे प्रतींचीच काढावी. हजार काढल्या तर सातशे कपाटात बसतात आणि लेखापरीक्षक दरवर्षी त्यांच्यावर आक्षेप लिहितो.

येणाऱ्या संहितांमध्ये बहुतेक प्रबंध असतात. प्रबंध परीक्षकासाठी लिहिलेला असतो, पुस्तक वाचकासाठी, आणि हे दोघे क्वचितच एक माणूस असतात. पहिल्या प्रकरणात उद्दिष्टं, गृहीतकं, व्याप्ती, मर्यादा. दुसऱ्यात पूर्वसंशोधनाचा आढावा. तिसऱ्यात संशोधन पद्धती. वाचकाला जे हवं ते चौथ्यापासून सुरू होतं. तेव्हा पहिली तीन प्रकरणं मिळून दहा-बारा पानांची प्रस्तावना करायची. ज्याला नमुना निवड तपासायची आहे त्याला मूळ प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात सापडतो. प्रत्येक प्रकरणाअखेरचा ‘समारोप’ काढून टाकायचा, कारण पुढचं प्रकरण तेच परत सांगून सुरू होतं. टक्केवारीच्या साठ तक्त्यांपैकी ज्यांच्यावर एखादं विधान उभं आहे तेवढे ठेवायचे. ए-फोर आकाराच्या साडेतीनशे पानांचं मग डेमी या लहान पुस्तकी आकारात दोन-सव्वादोनशे पानांचं पुस्तक होतं. लेखक हळहळतो. त्याला वेळ द्यावा, पण तक्ते परत देऊ नयेत.

लेखकाला घाई असते ती वेगळ्याच कारणाने. २०१०च्या यूजीसी नियमांनी पदोन्नतीला गुणांची मोजदाद जोडली आणि आयएसबीएन असलेलं पुस्तक ही प्राध्यापकाची गरज झाली. पैसे भरा आणि क्रमांक घ्या, अशी दुकानं त्यावर उभी राहिली. वास्तविक हा क्रमांक राजा राममोहन राय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून फुकट मिळतो आणि तो गुणवत्तेचा शिक्का मुळीच नाही, नुसती ओळख आहे. विद्यापीठाने त्या दुकानांपेक्षा वेगळं काय करायचं, तर परीक्षण. दोन परीक्षक, त्यातला एक तरी विद्यापीठाबाहेरचा. लेखकाचं नाव झाकायचं असा नियम असतो, पण अहिराणीसारख्या विषयात गाणी कुठल्या गावची हे वाचूनच परीक्षक लेखक ओळखतो. शिवाय विषयाचे जाणकार मोजके, आणि त्यांचं आपसात जमतंच असं नाही. एकाच्या मते अहिराणी ही मराठीची बोली, दुसऱ्याच्या मते स्वतंत्र भाषा. ग्रिअर्सनने भारताच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०७च्या खंडात तिला भिल्ली भाषांच्या शेजारी बसवलं तेव्हापासून हा वाद चालू आहे. म्हणून परीक्षकाकडे नुसता ‘अभिप्राय’ मागू नये. सामग्री कुठून घेतली हे स्पष्ट आहे का, कुठली विधानं पुराव्याविना आहेत, काय गाळता येईल, असे चार-पाच नेमके प्रश्न पाठवावेत. नाहीतर ‘प्रकाशनयोग्य’ असा एक शब्द सहीनिशी येतो, तोही सहा महिन्यांनी.

खरी लढाई यानंतरची, अक्षरजुळणीची. जुन्या लेखकांचा मजकूर श्रीलिपी, आकृती किंवा कृतिदेवमध्ये टंकलेला असतो, पेजमेकर या जुन्या मांडणीच्या सॉफ्टवेअरच्या फायलीत. त्या टंकांत ‘क’च्या जागी खरं तर एखादं रोमन अक्षर बसलेलं असतं, टंकाने त्याला देवनागरी मुखवटा चढवलेला असतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा संकेतांक असलेल्या पद्धतीत, बदलताना दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. पहिली वेलांटी जुन्या टंकात अक्षराच्या आधी टंकतात, युनिकोडमध्ये नंतर, त्यामुळे ‘स्थिती’सारख्या जोडाक्षरात ती भलत्याच अक्षराला चिकटते. रफाराचं उलट. तो जुन्या टंकात अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. परिवर्तक चुकला की ‘कार्य’चं ‘कायर्’ होतं आणि ‘वर्ष’चं ‘वषर्’. हे शोधायला वाचत बसू नये. ‘र’ला हलन्त असून पुढे मोकळी जागा आहे, एवढंच शोधचौकटीत घालावं, शेकडो चुका एका झटक्यात सापडतात. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो, खाली टिंब असलेल्या ऱ ने किंवा साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एकच सापडतो. म्हणून पहिल्याच दिवशी सगळीकडे एकच तऱ्हा करून घ्यायची. ल आणि श ही दोन अक्षरं मराठी वळणाची आहेत की हिंदी, हेही तेव्हाच बघायचं. शासनाने २००९च्या निर्णयात मराठी वळण ठरवून दिलं आहे, संगणकासोबत आलेले टंक मात्र बहुधा हिंदी वळणाचे निघतात.

आता याच्यावर अहिराणी चढवा. इथे ळ चा य होतो. ‘डोळा’ म्हणजे ‘डोया’, ‘काळा’ म्हणजे ‘काया’. सवयीचा मुद्रितशोधक ‘डोया’ दिसला की लाल शाईने ‘डोळा’ करतो, आणि १९६२चे शुद्धलेखनाचे नियम त्याच्या बाजूने असतात. ‘आहे’साठी कुठे ‘शे’, कुठे ‘से’. चाळीसगावकडची बाई गाईल तसं साक्रीकडची गाणार नाही. सगळं एका साच्यात आणलं तर पुस्तक नीटनेटकं दिसतं आणि अभ्यासाच्या कामाचं राहत नाही. तोडगा असा की प्रत्येक पुस्तकाची एक पानभर शब्दयादी करायची, कुठलं रूप का ठेवलं ते त्यात लिहायचं आणि ते पान प्रत्येक मुद्रितासोबत (प्रूफासोबत) फिरवायचं. गाण्याखाली गाव, समाज, गाणारीचं साधारण वय, ध्वनिमुद्रण कधीचं हे यायलाच हवं. संगणकातला शुद्धलेखन-तपासनीस बंद ठेवायचा. मुद्रितं तीन. पहिलं मूळ संहितेशी ताडून दोघांनी, एकाने मोठ्याने वाचत. दुसरं लेखकाकडे. तिसऱ्यात फक्त दुसऱ्यातल्या दुरुस्त्या झाल्या का एवढंच बघायचं. तिसऱ्या मुद्रितात नवा परिच्छेद घालू पाहणारा लेखक सगळ्यांनाच माहीत आहे.

सूची बहुतेक मराठी पुस्तकांत नसतेच, आणि असते तेव्हा संगणकाने लावलेली असते. संगणकाच्या क्रमात ळ हा ल च्या पाठोपाठ येतो, आपल्या वर्णमालेत ह च्या नंतर. क्ष त्याच्या लेखी क च्या जोडाक्षरांत, वाचक तो शेवटी शोधतो. हे हाताने हलवावं लागतं, आणि पानांचे आकडे पक्के झाल्याशिवाय सूचीला हात लावायचा नाही. दोन दिवसांचं काम आहे. संदर्भग्रंथाचं निम्मं आयुष्य त्यावर असतं, तरी नेमका तोच वेळ कापला जातो.

मग कागद. डेमी अष्टमांश, कापून साडेपाच बाय साडेआठ इंच. २४० पानं म्हणजे सोळा पानी १५ फर्मे, फर्मा म्हणजे एका तावावर छापून घडी घातलेली पानं. १८ बाय २३ इंची तावावर पुढून-मागून मिळून एक फर्मा बसतो, तेव्हा एका प्रतीला १५ ताव, तीनशे प्रतींना ४,५००, म्हणजे पाचशे तावांचा एक असे नऊ रीम. पण प्रत्येक फर्मा मशीनवर लावताना शाई-पाणी जुळेपर्यंत आणि पुढचं पान मागच्या पानावर नीट बसेपर्यंत शंभरेक ताव जातात. १५ फर्म्यांचे दीड हजार, आणखी तीन रीम. बारा रीम आणून चौथा हिस्सा रद्दीत. तीन हजार प्रती काढल्या असत्या तरी वाया जाणारा कागद साधारण तेवढाच, प्लेटाही त्याच तीस, फर्म्याला दोन. हजारो छापे सोसणारी प्लेट तीनशेवर काढून टाकायची, यातच छोट्या आवृत्तीची किंमत का चढते ते आलं. डिजिटल छपाईत प्लेट नाही, शंभर प्रती आज आणि शंभर पुढच्या वर्षी काढता येतात. पण तिथे पानं बहुधा सुटी येतात, फर्म्याची घडी नसते, म्हणून जुजबांधणी, म्हणजे फर्मे दोऱ्याने शिवणं, होत नाही. गोंदावर भागवावं लागतं.

आणि खान्देशात गोंद टिकत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो, पत्र्याखालच्या गोदामात त्याहून वर. पाठीचा गोंद मऊ पडतो, गठ्ठ्यातली पुस्तकं तिरपी होतात. डिसेंबरात धुळ्याकडे पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा तोच गोंद कडक होऊन तडकतो आणि उघडताना मधली पानं हातात येतात. शब्दकोश, व्याकरण, गाण्यांचं संकलन अशी वर्षानुवर्षं उघडली जाणारी पुस्तकं म्हणूनच ऑफसेटवर, म्हणजे प्लेटा लावून, छापून दोऱ्याने शिवून घ्यावीत, पैसे जास्त गेले तरी. चर्चासत्रातल्या निबंधांना गोंद चालेल. तंतूंची दिशाही बघायची. कागदाचा तुकडा एका बाजूने ओला केला की त्याची नळी होते. नळी ज्या दिशेला लांब, तंतू त्या दिशेने, आणि पुस्तकाचा कणा त्याच दिशेने हवा. आडवा कागद लागला तर पुस्तक सपाट उघडत नाही आणि पहिल्या पावसात पानांना लाटा येतात.

दरपत्रकांत सगळ्यात कमी दर देणाऱ्यालाच काम द्यावं लागतं, त्यामुळे मागणीपत्रात जे लिहिलं नाही ते मिळत नाही. ‘चांगला कागद’ लिहून उपयोग नाही. ‘७० जीएसएम मॅपलिथो’, म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम भरणारा छपाईचा कागद, असं लिहावं, बांधणी कशी तेही लिहावं आणि माल आला की तपासावं. दहा सेंटिमीटर चौरसाचे दहा तुकडे कापून जळगावात कुठल्याही सराफाच्या काट्यावर ठेवले तर सात ग्रॅम भरले पाहिजेत. सहा भरले तर कागद साठचा आहे. शेजारी नेपानगर, १९५६पासून तिथे वर्तमानपत्री कागद बनत आला. तसल्या स्वस्त कागदावर छापलेली जुनी पुस्तकं आज कुठल्याही ग्रंथालयात कडा मोडलेल्या, पिवळ्या अवस्थेत भेटतात. मुखपृष्ठाचा आराखडा कागद ठरल्याशिवाय करू नये. १२० पत्रांची जाडी ७०च्या कागदात ११ मिलिमीटरच्या आसपास भरते, अंदाजाने कणा धरला तर शीर्षक घसरून समोरच्या बाजूला येतं. फर्म्यांचा क्रम चुकू नये म्हणून प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक-एक पायरी खाली सरकत जाणारी काळी खूण छापून घ्यावी. गठ्ठ्याच्या पाठीवर जिना सरळ उतरला तर फर्मे बरोबर लागलेत. तरीही तीनशेत एखाद्या प्रतीत कोरं पान निघतंच. ती प्रत ग्रंथालयात पोचायच्या आत सापडावी म्हणून पाच माणसं बसवून प्रत्येक प्रत चाळावी.

पुस्तक फेब्रुवारीआधी हातात यायला हवं. ग्रंथालयांना अनुदान ३१ मार्चपर्यंत खर्चायचं असतं, महाविद्यालयांचं आणि अ-ब-क-ड वर्गातल्या सार्वजनिक ग्रंथालयांचंही तेच. एप्रिलमध्ये आलेलं पुस्तक वर्षभर थांबतं. विक्रेता तीस-चाळीस टक्के सूट मागतो, ती धरूनच किंमत ठेवावी. पुस्तकावर जीएसटी नाही हे खरं, पण कागदावर आहे आणि तो वळता होत नाही. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून तीस दिवसांत कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत जायला हवी, हे कितीतरी छोट्या प्रकाशनांत राहूनच जातं. नोंदणीकृत बुकपोस्टची स्वस्त सोय डिसेंबर २०२४मध्ये बंद झाली, तेव्हापासून मे २०२५मध्ये ‘ज्ञान पोस्ट’ येईपर्यंत अक्कलकुव्याच्या शिक्षकाला एक प्रत पाठवण्याचा खर्च किमतीच्या मानाने फारच होत होता. टपालाने एकेक प्रत पाठवण्यापेक्षा एसटीने तालुक्याच्या महाविद्यालयात गठ्ठा पाठवावा आणि तिथल्या ग्रंथपालाला दहा टक्के द्यावेत. विद्यापीठाच्या विक्री-काउंटरवर साडेदहा ते साडेपाच बसून राहणाऱ्या कारकुनापेक्षा अहिराणी संमेलनातलं एक टेबल दोन दिवसांत जास्त खपवतं. पावतीपुस्तक आणि सुट्टे पैसे मात्र न्यावेत.

पाच-सात वर्षांनी प्रती संपतात, कुणीतरी मागायला येतं, आणि तेव्हा कळतं की पुनर्मुद्रणाला काहीच नाही. प्लेटा भंगारात गेल्या, अक्षरजुळणी करणारा नाशिकला गेला, फाईल उघडते पण टंक नाहीत. पीडीएफ असते, पण तिच्यातून देवनागरी मजकूर उचलला की काने-मात्रा विस्कटतात. म्हणून पुस्तक छापायला गेलं त्याच आठवड्यात एक फोल्डर बंद करायचं. मांडणीची फाईल, तिचे टंक, तीनशे डीपीआयची चित्रं, मुखपृष्ठ, आणि सगळा मजकूर साध्या युनिकोडमध्ये, कुठल्याही सजावटीशिवाय. गाण्यांचं पुस्तक असेल तर मूळ ध्वनिमुद्रणंही. तीन ठिकाणी ठेवायचं, त्यातलं एक ग्रंथालयाच्या ताब्यात. शिवाय छापील प्रतींतली एक प्रत विकायची नाही. तिच्या मुखपृष्ठावर ‘दुरुस्ती प्रत’ असा शिक्का मारून ती संपादकाच्या टेबलावर ठेवायची, आणि फोनवर, पत्रातून, बोलता बोलता जो कुणी चूक सांगेल ती त्याच पानावर पेन्सिलने लिहायची, सांगणाऱ्याच्या गावासकट.